धुळाप्पाचं पातळ पत्र्याचं काम

उळं गाव मागं पडल्यावर धुळाप्पानं पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.

"अरे, डांबर तापलंय," मी म्हटलं, "पाय पोळतील."

"पोळू दे, अक्का. वहाण असली की जमीन कुठं हाय तेच कळंना. वाटतं हितं हाय, आन् पाय जातुय खाली."

त्याच्या उजव्या डोळ्यावर कापसाची जाड पट्टी होती. एक डोळा झाकला की माणसाला जवळ-लांब, उंच-खोल कळत नाही, हे मला त्या दिवशी रस्त्यावर कळलं. मी त्याच्या उजव्या अंगानं, गाड्यांच्या बाजूनं चालत होते. ट्रक आला की नुसता त्याच्या कोपराला हात लावायची. धरायची नाही. धरलेलं त्याला आवडायचं नाही.

धुळाप्पा माझा पाठचा भाऊ. सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून आम्ही तामलवाडीला, माझ्या माहेरी, पायी निघालो होतो. स्टँडवर तुळजापूरची गाडी लागलेली होती. जागाही होती. धुळाप्पानं पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

"गाडीनं लई लवकर पोचतू, अक्का. महानंदाला काय सांगायचं ते अजून ठरलं न्हाय."

तेवढ्यासाठी आम्ही उन्हातान्हाचं चालत होतो. महानंदा म्हणजे त्याची बायको. ती घरी वाट बघत होती, आणि डॉक्टर जे बोलले होते ते तिला सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. आता दोघंही नाहीत. धुळाप्पाला जाऊन बरीच वर्षं झाली, महानंदा गेल्या मार्गशीर्षात गेली. त्यांच्या लेकीला, अयोध्येला, विचारून मी हे लिहिते आहे.

आमचं घर मेंढरांचं. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. काही मेली, काही मिळेल त्याला देऊन टाकली. मग सगळं घर दुष्काळी कामावर खडी फोडायला. आमची आई बनाबाई, मी, धुळाप्पा, एका रांगेत बसून. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. एक दिवस पाण्याचा टँकर आला तो गळत आला. खालचा सांधा फुटलेला. आम्ही बाया घागरी घेऊन धावलो तर अर्धं पाणी रस्त्यावर. मग कुठून तरी एक वेल्डर आणला गेला. त्यानं तोंडापुढं काळी काच धरली, निळा उजेड झाला, आणि थोड्या वेळानं टँकर गळायचा थांबला. सगळ्यांनी पाण्याकडं बघितलं. धुळाप्पा त्या माणसाकडं बघत राहिला. संध्याकाळी आईला म्हणाला, "माय, त्यानं लोखंड शिवलं."

तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पण ते त्याच्या मनातून गेलं नाही. पुढं तो सोलापूर रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात लागला. मोठ्या वेल्डरांकडं जाऊन उभा राहायचा. ते शिकवायचे नाहीत, हाकलायचे. "बघू नगं, डोळं जातील," म्हणायचे. तो म्हणायचा, लांबून बघून जेवढं येतं तेवढं घेतलं.

लग्न झाल्यावर त्यानं स्वतःचं मशीन आणलं. मशीन म्हणजे कंपनीचं नव्हे. सोलापुरात ईरण्णा म्हणून पाण्याच्या मोटारींची तार भरून देणारा एक कानडी कारागीर होता. जळक्या मोटारींची तार, कुठला तरी जुना पत्रा, असं जोडून तो घरच्या घरी वेल्डिंगची मशीनं बनवायचा. पेटीएवढं, वर मूठ. देताना त्यानं सांगितलं होतं, "निधान, धुळाप्पा, निधान. दमानं घे. हे गरिबाचं मशीन हाय. दोन रॉड जाळले की त्याला इसावा द्यायचा. बैलागत." धुळाप्पा ते लिंबाखाली सावलीत ठेवायचा आणि तापलं की शेजारी बसून बिडी ओढायचा. महानंदा म्हणायची, "म्हशीला एवढं जपलं असतं तर दूध वाढलं असतं."

आणि त्या मशीनचं गावात कौतुक कमी, कुरबुर जास्त. त्यानं रॉड टेकवला की आळीतले दिवे मिणमिणायचे. गिरणीचा पट्टा ढिला पडल्यासारखा व्हायचा. गिरणीवाले तात्याराव पिठानं पांढरे झालेले तसेच दारात यायचे.

"आरं ए धुळ्या! माझी गिरणी थांबल्याबिगर तुझा टाका बसत न्हाय व्हय? आता दळण तुझ्या सायलेन्सरातच घालतू!"

"घाला की तात्या. बारीक निघंल."

सायलेन्सरचंच काम त्याच्याकडं जास्त यायचं, कारण घर रस्त्याला लागून. दूध संघाचा टेंपो, सोसायटीची जीप, कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर. आतले रस्ते असले की गाड्यांचे सायलेन्सर लोंबत यायचे. आणि सायलेन्सर हे काम अवघड. नांगराचा फाळ जाड असतो, तो सोसतो. सायलेन्सरचा पत्रा पातळ, आतून काजळीनं आणि गंजानं खाल्लेला. रॉड टेकवला की भोक. भोक बुजवायला गेलं की शेजारी दुसरं. पहिले काही महिने तो तेलाच्या जुन्या डब्यांवर हात बसवत होता. आमच्या घरी त्या वर्षी एक डबा धड राहिला नाही.

एका दुपारी तो असाच चिडून बसला होता. महानंदा शेजारी गोधडी शिवत होती. ती म्हणाली, "आवं, एका दमात कशाला वढताय? गोधडीला आदी चार कोपऱ्याला टाकं घालत्यात, मग मदी. न्हायतर कापड गोळा हुतंय."

"हे लोखंड हाय. लुगडं न्हाय."

"बरं बाई, लोखंड."

दुसऱ्या दिवशी मी माहेरीच होते म्हणून बघितलं. त्यानं गुपचूप चार बाजूंना चार टाके मारले, थांबला, गार होऊ दिलं, मग मधले मारले. पत्रा वाकला नाही. भोकही पडलं नाही. संध्याकाळी भाकरी खाताना मात्र म्हणाला, "तुज्या गोधडीला कोपरं झालं की मग आडवं टाकं का उभं?" महानंदेनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरेना तिला.

दुसरी एक युक्ती त्याला विजेनंच शिकवली. मशीनला करंट कमी करायची सोय नव्हतीच म्हणा. पण मळ्यांतल्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडायचं, आणि पडलेल्या व्होल्टेजवर पातळ पत्रा न जळता जुळायचा. म्हणून सायलेन्सर आला की तो आधी कानोसा घ्यायचा. विहिरींवर मोटारी घुमतायत का बघायचा. "पाणी चालू हाय, आण सायलेन्सर." मोटारी बंद असल्या की फाळ, कुळव, दारांच्या कड्या. काम झालं की नळीच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा कोंबून गाडी चालू करायला लावायचा आणि टाक्याच्या कडेनं तळहात फिरवायचा, कुठून धूर निसटतो का ते बघायला. दूध संघाचा ड्रायव्हर बिभीषण ओरडायचा, "तुझ्या टाक्यातनं धूर न्हाय, गाडीचा जीव निघंल! काढ बोळा!"

त्या दिवसांत तो आनंदात होता. मी हे मुद्दाम लिहिते, कारण नंतरच्या लोकांनी त्याला नुसता गप्प बसलेला बघितला.

आता डोळ्यांचं. त्याच्याकडं काळी काच एकच, लाकडी चौकटीत बसवलेली, ती डाव्या हातात धरायची. पण गाडीखाली उताणं पडून सायलेन्सर धरायला डावा हात लागायचा. मग काच बाजूला, आणि डोळे मिटून टाका. मिटता मिटता झळ लागायचीच. मग झोपायच्या वेळेला दोन्ही डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं व्हायचं, पाण्याच्या धारा लागायच्या. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमच्या आईनं सांगितलं, "बाळंतिणीचं दूध घाला. गार पडंल." अयोध्या तेव्हा नुकती झालेली. महानंदा आत जाऊन वाटीत दूध काढून आणायची आणि कापसाच्या वातीनं त्याच्या डोळ्यांत थेंब थेंब सोडायची. सकाळी डोळे स्वच्छ.

ते दुधानं व्हायचं की आपोआप, हे आम्हाला कुठून कळणार? आमच्याकडं सगळे तेच करायचे. लहान मुलाच्या कानात, डोळ्यात, आईचं दूध. त्याहून पवित्र काय असतं? मला आजही त्यात कुणाचं पाप दिसत नाही.

धुळाप्पा थट्टा करायचा. "पोरगी बघा कशी डोळं वटारती. तिचा वाटा खातुय म्हणून."

"खाता नव्हं, बघताय," महानंदा म्हणायची. "हलू नगा."

मग पुन्हा दुष्काळ आला. मोठ्या दुष्काळाइतकं नाव त्याला नाही, पण आमच्या भागात विहिरी तळाला गेल्या. लोकांनी मोटारी काढून घरी आणून ठेवल्या. मळ्यांत मोटारी नाहीत म्हटल्यावर सगळी वीज गावात. दिवे कधी नव्हे ते लख्ख. तात्यारावांची गिरणी भरधाव, आणि दळायला धान्य नाही. धुळाप्पाच्या मशीनला असा करंट यायला लागला की पातळ पत्रा टेकवताच उडायचा. पाणी गेलं आणि त्याच्या हातचं काम गेलं, असा तो मेळ होता. तो लिंबाखाली बसून म्हणायचा, "एक तरी मोटार चालू करा रं कुणी."

दूध संघाचा टेंपो मात्र जास्त फिरायला लागला. जवळच्या गावांत दूध उरलं नाही, म्हणून लांबच्या वस्त्यांवर, खडकाळ वाटांनी. सायलेन्सर सारखा फुटायचा. त्या दिवशी बिभीषण आला तो ऐन दुपारी, टेंपोत भरलेले कॅन.

"धुळाप्पा, लगी लगी कर. दूध नासंल."

"व्होल्टेज लई हाय. थांब वाईच. जळंल पत्रा."

"एवढं दूध फुटलं तर संघ मला फोडंल. लाव कसंबी!"

त्यानं लावलं. भोक पडलं, त्यावर तुकडा ठेवून बुजवलं, त्याच्या शेजारी पडलं, तेही बुजवलं. वेल्डिंगच्या टाक्यावर काचेसारखी काळी खपली धरते. ती हातोडीनं ठोकून काढावी लागते, नाहीतर खाली टाका बसला की नाही कळत नाही. टाक्यावर टाके झालेले, खपलीही जाड. त्यानं काच बाजूला ठेवून घाईघाईनं ठोकलं आणि एक कण उजव्या डोळ्यात उडाला. त्यानं डोळा चोळला, पाणी मारलं, टेंपो पाठवून दिला. दूध नासलं नाही त्या दिवशी.

संध्याकाळी डोळा खुपायला लागला. झळ लागलीय म्हणून महानंदेनं वाटी आणली. झळ नेहमी दोन्ही डोळ्यांना लागायची. या वेळी एकच का खुपतोय, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी उतार पडला नाही, म्हणून पुन्हा दूध. दुसऱ्या दिवशी पुन्हा. खायचे हाल, तिच्या अंगावर दूध ते किती असणार? अयोध्या भुकेनं रडायची. महानंदा तिला आईच्या मांडीवर द्यायची, आधी त्याच्या डोळ्यात घालायची आणि मग उरलेलं पोरीला पाजायची. हे मला आईनं नंतर सांगितलं.

मी तुळजापुरात दिलेली, तिथंच लिहा-वाचायला शिकलेली. निरोप आला तेव्हा आठवडा होत आलेला. येऊन बघते तर डोळा लालभडक, आणि बुबुळावर पांढरं फूल पडलेलं. मी त्याच पावली त्याला गाडीत घातलं आणि सोलापूरला नेलं.

डॉक्टरांनी बॅटरीनं बघितलं. विचारलं, "डोळ्यात काय घातलं?"

मी सांगितलं, "दूध. बाळंतिणीचं."

"किती दिवस?"

मी सांगितलं. ते खुर्चीवर मागं टेकले. माणूस वाईट नव्हता, बाहेर रांग मोठी होती. म्हणाले, लोखंडाची किरच आत रुतली होती. दुसऱ्या दिवशी आणला असता तर काढली असती, डोळा राहिला असता. जखमेत दूध घालत राहिल्यानं पू झाला. आता डोळा काढावा लागेल, नाहीतर दुसऱ्यालाही धोका. सोमवारी भरती व्हा. आणि मग, मी तोंडावर पदर घेऊन उभी आहे हे न बघता, धुळाप्पाला म्हणाले, "कुणी घातलं त्या बाईला जाऊन सांगा, डोळा तिनं घालवला."

धुळाप्पा उठला. हात जोडले. बाहेर आला. व्हरांड्यात बसून त्यानं मला एकच विचारलं, "अक्का, तुला आयकू आलं?"

पुढचं आधी सांगून टाकते. सोमवारी डोळा काढला. दुसरा डोळा वाचला, ही आई भवानीची कृपा. पण एका डोळ्यानं रॉडचं टोक सांध्यावर टेकतं की बोटभर अलीकडं, हे कळत नाही. महानंदा शेजारी बसून "वर... वाईच खाली" सांगायची. फाळ, कड्या जमायचं. सायलेन्सर जमला नाही. चार-दोनदा त्यानं बघितलं, पत्र्याची चाळण झाली. एक दिवस त्यानं मशीन ईरण्णाकडं परत नेऊन ठेवलं आणि पुन्हा पंक्चरच्या दुकानात बसला. रस्त्यानं गाडी गेली की मान न वळवता म्हणायचा, "फुटलाय. पुढच्या सांध्याला." एवढंच. कुणी पोर डोळा चोळत आलं तर त्याला मात्र पहिल्या गाडीत घालून सोलापूरला पाठवायचा. कुणी म्हटलं, दूध घालू का, तर म्हणायचा, "दूध च्यात घाल." महानंदा म्हणायची, ह्यास्नी आता दवाखान्याचं याड लागलंय. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता यायचं नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

त्या दिवशी चालत चालत ऊन कलतीला आलं. लांबून तामलवाडीची झाडं दिसायला लागली. तुळजापूरच्या दिशेला मी हात जोडले. धुळाप्पा थांबला.

"काय मागितलंस?"

"तुझा दुसरा डोळा."

"मग आईकडं आणिक म्या काय मागत न्हाय. लई मागणं बरं न्हवं." तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. तळपायाला लागलेलं डांबर नखानं काढत राहिला. मग खाली बघतच बोलला, "तुज्याकडं मागतू, अक्का."

"बोल की."

"आपुन गेलो की महानंदा वाटी घिऊन दारात येती का न्हाय बघ. सकाळधरनं पोरीला दूर ठिवलं आसंल तिनं, माझ्यासाटी. म्या पट्टी सोडून बसणार हाय तिच्याफुडं."

"धुळा, दुधानंच पू झाला म्हणालेत ना डॉक्टर?"

"डोळा जायचा त्यो गेला. सोमवारी काढून टाकत्यात. आज थेंबभर पडलं तर कुणाचं काय बिघडतंय? पर नगं म्हनलं, तर ती का म्हणून इचारंल. आन् एकदा का कळलं तिला, तर जलमभर ती पोरीलाबी पदराखाली घेताना रडंल." त्यानं मान वर केली, त्या एका डोळ्यानं मला शोधलं. "खपली आत गेली तवाच डोळा गेला व्हता, आसं तू सांग. तू शिकलेली, तुझं खरं मानंल ती. आन् तिनं वाटी आणली तर तिचा हात धरू नगस, अक्का. घालू दे तिला."